हॅम्बल्डनचा क्लब : स्वामित्व आणि स्मृती

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील हॅम्बल्डन या खेड्याला ‘क्रिकेटचा पाळणा’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही पदवी कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. गिल्डफर्डच्या न्यायालयातील इ. स. १५९८ च्या एका जबानीत ‘क्रेकेट’ हा शब्द आढळतो. खेळाचे लिखित नियम १७४४ मध्येच सिद्ध झाले होते. हॅम्बल्डनच्या संघाचे उल्लेख मात्र १७५६ पासून मिळतात. तेव्हा या क्लबाचे महत्त्व अन्यत्र शोधावयास हवे.

क्लबाच्या भरभराटीचा काळ म्हणजे १७७० नंतरची दोन दशके होत. जून १७७७ मध्ये सेव्हनओक्स येथे त्याच्या संघाने अखिल इंग्लंडच्या संघास एक डाव व १६८ धावांनी पराभूत केले. त्यात एकट्या जेम्स एल्वर्डच्या १६७ धावा होत्या. नियमांवरही या खेळाडूंचा ठसा उमटला. १७७१ मध्ये व्हाइट नामक प्रतिस्पर्धी यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला, तेव्हा हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी लेखी हरकत घेतली व बॅटच्या रुंदीस सव्वाचार इंचांची मर्यादा पडली. १७७५ मध्ये लम्पी स्टीव्हन्सचा चेंडू जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून तीनदा निघून गेला, तरी स्मॉल नाबाद राहिला. यातूनच पुढे तिसरी यष्टी आली.

परंतु ‘हॅम्बल्डनचा क्लब’ या शब्दप्रयोगातील षष्ठी स्थान दर्शविते की स्वामित्व? क्लबाची १७७२ ते १७९६ पर्यंतची इतिवृत्ते उपलब्ध आहेत. त्यांवरून पाहता सभासद होते ते उमराव, जमीनदार आणि चार्ल्स पॉलेटसारखे धर्मोपदेशक. खेळाडू निराळ्या वर्गातले व पुष्कळदा निराळ्या गावचे : स्मॉल हा पीटर्सफील्डचा, मूळचा चर्मकार व पुढे बॅट-चेंडू बनविणारा, विल्यम बेल्डम तर शेजारच्या सरे परगण्यातला. खेळाडूंना खेळण्याचा मोबदला मिळे. गावाचे म्हणावे असे उरते ते ब्रॉडहाफपेनीचे माळरान आणि त्यासमोरील मद्यगृहाचा चालक रिचर्ड नायरेन. संघाचे नेतृत्वही त्याच्याचकडे होते.

पैसा सभासदांचा असल्यामुळे क्लबाचे आयुष्यही त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिले. १७७९ मध्ये एल्वर्डला केंटमधील सर होरेस मान यांनी आपला कारभारी म्हणून नेले. १७८७ मध्ये लंडनला मेरिलबोन क्लब निघाला. त्याच्या संस्थापकांतील विंचिल्सीचे अर्ल हॅम्बल्डनचेही सभासद होते. सभासदांची पावले राजधानीकडे वळली. १७९१ मध्ये नायरेनने गाव सोडले. सप्टेंबर १७९६ च्या नोंदीत एकही सभासद उपस्थित नसल्याचे म्हटले आहे, आणि इतिवृत्त तेथेच संपते.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमधील एका नोंदीत उपस्थितांमध्ये ‘मानवाचे हक्क’ या ग्रंथाचा कर्ता टॉमस पेन याचे नाव आहे. पेन तेव्हा फ्रान्समध्ये होता, आणि इंग्लंडमध्ये १७९२ सालीच तो राजद्रोही ठरला होता. ही नोंद थट्टेची समजणेच युक्त. समकालीन दप्तरही डोळे मिटून स्वीकारता येत नाही, याचा हा चांगला दाखला होय.

दुसरे साधन म्हणजे रिचर्डचा मुलगा जॉन नायरेन याच्या आठवणी. चार्ल्स काउडन क्लार्क याने त्या शब्दबद्ध केल्या आणि १८३३ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. तोवर क्लबाचा अंत होऊन सुमारे चार दशके लोटली होती. या आठवणींत आश्रयदात्यांपेक्षा कारागीर खेळाडूच उठून दिसतात. कथनात पितृभक्ती आहे व गतकालाचे उदात्तीकरणही आहे. परंतु खेळाडूंची शैली, स्वभाव आणि परस्परांतील जिव्हाळा यांविषयी इतिवृत्त मौन पाळते, आणि तेथे या ग्रंथावाचून गत्यंतर नाही.

ही दोन साधने परस्परविरोधी मानून एकास बाद ठरविणे योग्य नव्हे. क्लब कोणाच्या पैशावर चालला, याचे उत्तर इतिवृत्त देते. तो कोणाच्या कौशल्यावर मोठा झाला, याचे उत्तर आठवणी देतात. सभासद गेले तेव्हा पैसाही गेला. नाव मात्र खेड्याकडे राहिले, कारण ते सांगणारा मद्यगृहचालकाचा मुलगा होता. १९०८ मध्ये ब्रॉडहाफपेनीवर जे स्मारक उभे राहिले, त्याचा खरा पाया ७५ वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात घातला गेला होता.