संग्रहालयातील प्रेक्षक: पाहण्यापासून प्रयोगापर्यंत

दुर्मीळ वस्तू जपणे हे संग्रहालयाचे मूळ कार्य असल्याने तेथे काचेची कपाटे आणि हात न लावण्याची सूचना रूढ होणे स्वाभाविक होते. प्रेक्षकाच्या हाताला काम देण्याची प्रथा प्रामुख्याने विज्ञानविषयक संस्थांतून वाढीस लागली. बर्लिन येथे १८८८ साली स्थापन झालेल्या ‘युरेनिया’ संस्थेत प्रेक्षक स्वतः कळ दाबून भौतिकशास्त्राचे प्रयोग सुरू करू शकत. विद्युत अभियंता ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये म्युनिकला स्थापलेल्या ‘डॉइचेस म्युझियम’ने चालत्या प्रतिकृती आणि आतली रचना दिसावी म्हणून कापून ठेवलेली यंत्रे यांच्या जोडीने हीच पद्धत विस्तारली, आणि तिच्या प्रभावातून १९३३ साली शिकागोचे विज्ञान व उद्योग संग्रहालय उभे राहिले.

या पद्धतीची मर्यादा अशी की, कळ दाबणाऱ्याला परिणाम दिसत असे, परंतु तो बदलून पाहता येत नसे. ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात फ्रँक ओपेनहायमर यांच्याकडे जाते. पूर्वीच्या कम्युनिस्ट सदस्यत्वामुळे १९४९ मध्ये विद्यापीठातील पद गमावलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने कोलोरॅडोत आधी पशुपालन केले, नंतर शाळेत अध्यापन केले, आणि १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. तेथील उपकरणांत प्रकाश, ध्वनी, गती यांच्याशी निगडित घटक प्रेक्षकाला स्वतः कमीजास्त करता येत. कार्यशाळा सर्वांच्या नजरेसमोर चाले, आणि प्रेक्षक उपकरण कसे हाताळतात हे पाहून त्यात सुधारणा केली जाई. मदतीला शाळकरी वयाचे ‘एक्सप्लेनर’, म्हणजे प्रेक्षकांशी संवाद साधणारे साहाय्यक, असत. उपकरणे बनविण्याची कृती ‘कुकबुक’ नावाच्या ग्रंथमालेतून खुली केल्याने ती इतर देशांतही उभारली गेली.

भारतात १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळी येथे १९७९ मध्ये मुलांसाठी विज्ञान उद्यान खुले झाले, ज्यात यांत्रिकीची तत्त्वे उघड्यावर, खेळता खेळता अनुभवता येत. १९८५ मध्ये तेथेच नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन झाले.

या इतिहासावरून सहभागाची कसोटी स्पष्ट होते: प्रेक्षकाने उपकरणाला स्पर्श केला की नाही यापेक्षा, त्याच्या निर्णयाने परिणाम बदलला की नाही, हे महत्त्वाचे ठरते. ठरावीक उत्तर दाखविणारा आजचा स्पर्शपटल या कसोटीवर १८८८ च्या कळीपुढे गेलेला नाही.