घरपट्टी कीं जकात? : नगरकराच्या एका जुन्या वादाचा शोध

शहराचा खर्च शहरानें सोसावा, हें तत्त्व सर्वांस मान्य असतें. शहरांतील कोणीं सोसावा, येथें वाद सुरू होतो. घराच्या धन्यानें तो घरपट्टीच्या रूपानें द्यावा, कीं बाजारांत येणाऱ्या मालावर कर बसवून माल विकत घेणारांकडून तो उगवावा? मालावरचा कर वाढवून घरावरचा हलका करावा, अशी सूचना हल्लीं देशोदेशींच्या शहरांत होते व ती नवीन युक्ति म्हणून मांडली जाते. परंतु आपल्याकडे हा वाद दोनशें वर्षांहून जुना आहे. त्याचा निकाल बहुतेक वेळां जकातीच्या बाजूनें लागला. असें कां झालें, याचें एक ठराविक उत्तर इंग्रजी अमदानींतील अंमलदारांनीं देऊन ठेविलें आहे: हिंदी लोकांस प्रत्यक्ष कराचा स्वभावतःच तिटकारा, आणि अप्रत्यक्ष कर त्यांच्या अंगवळणीं पडलेला. हें उत्तर पुष्कळांनीं तपासल्यावांचून पुढें चालविलें. तें कितपत टिकतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. काळी आणि पांढर

मराठी राज्यांतील करांची घडी समजण्यास काळी व पांढर हे दोन शब्द पुरेसे आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. काळीवर सारा बसे. पांढरीवरचे कर निराळे. त्यांत मोहतर्फा हा दुकानदार व कारागीर यांच्यावरचा, आणि घरपट्टी किंवा उंबरपट्टी ही घरावरची. ब्राह्मण व गांवचे वतनदार यांस घरपट्टींतून सूट असे. म्हणजे ज्यांचीं घरें मोठीं असण्याचा संभव अधिक, तेच बहुधा पट्टीबाहेर. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखांत पांढरी या नांवाचाच कर होता. तो इंग्रजांनीं पुढें चालू ठेविला आणि इ. स. १८६७ च्या चौदाव्या कायद्यानें त्यास नवें रूप दिलें.

जकातीची रीत याहून वेगळी. माल जेथें भरावयाचा तेथें थळभरीत, जेथें खपावयाचा तेथें थळमोड, आणि वाटेंत जितके जकातीचे महाल लागतील तितकें हशील. आकार बहुधा बैलाच्या ओझ्यावर असे. जनावरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी निराळी. नाक्यानाक्यास थांबण्याचा त्रास इतका होता कीं, एकदांच ठोक रक्कम घेऊन वाटेवरची सारी जकात आपण भरण्याची हमी घेणारे हुंडेकरी हा एक स्वतंत्र धंदाच निघाला. एल्फिन्स्टन यानें इ. स. १८१९ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालांत त्यांचा उल्लेख केला आहे. जकात त्या काळीं लोकांना सुखाची वाटत होती, असें या व्यवस्थेवरून कोणासही म्हणतां येणार नाहीं. ती वसूल करण्यास सोपी होती, एवढेंच म्हणतां येईल. घराची पट्टी ठरवावयाची तर घर पाहावें लागतें, भाडें विचारावें लागतें, धन्याशीं वाद घालावा लागतो. जकातीस वाटेवर एक चौकी पुरते.

२. काशीची हरताळ

प्रत्यक्ष कराच्या तिटकाऱ्याचा पुरावा म्हणून नेहमीं काशीचें उदाहरण देतात. इ. स. १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनानें बंगाल, बिहार, ओरिसा व बनारस या प्रांतांतील मोठ्या शहरांत घरपट्टी बसविण्यांत आली: राहत्या घरावर वार्षिक भाड्याच्या शेंकडा ५ आणि दुकानावर शेंकडा १०. त्या वर्षाच्या डिसेंबरांत काशीच्या लोकांनीं दुकानें मिटलीं, धंदे थांबविले, आणि हजारों लोक घरेंदारें सोडून शहराबाहेर मैदानांत जाऊन बसले. काशींत त्या वेळीं दक्षिणी मंडळींची मोठी वस्ती होती, हें आपल्या वाचकांस सांगणें नलगे. पुढें काशीनरेशांच्या मध्यस्थीनें लोक परतले, आणि थोड्याच अवधींत सरकारनें हा करही मागें घेतला. या प्रकरणाचा पत्रव्यवहार धर्मपाल यांनीं इ. स. १९७१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला असल्यामुळें आतां तो सर्वांस उपलब्ध आहे.

त्यांतील लोकांचा अर्ज मात्र नीट वाचिला पाहिजे. अर्जदारांचें पहिलें म्हणणें असें कीं, पूर्वींच्या राजांनीं आपला सरकारी हक्क रयतेच्या राहत्या घरापर्यंत कधीं नेला नव्हता. दुसरें असें कीं, चौकीपहाऱ्याचा खर्च मोहल्ल्यांतील लोक स्वतःच करीत आहेत. तिसरें आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें: मुद्रांक, वाटजकात आणि शहरजकात यांचा भार अगोदरच फार वाढला आहे, त्यावर ही घरपट्टी कशाला? म्हणजे काशीकरांनीं जकातीस कौल दिलेलाच नव्हता. एक ओझें डोक्यावर असतां दुसरें ठेवूं नका, इतकेंच त्यांचें मागणें होतें. इ. स. १८१६ सालीं बरेलीस चौकीदारी पट्टीवरून दंगा झाला, त्याचाही उपयोग पुढें याच एकतर्फी निष्कर्षासाठीं होत राहिला.

३. जकात गेली, मीठ महागलें

आतां दुसरी बाजू पाहूं. चार्ल्स ट्रेव्हेलियन यानें इ. स. १८३४ सालीं बंगाल इलाख्यांतील वाटजकात व शहरजकात यांवर कडक अहवाल लिहिला. त्यानंतर तेथील या जकाती उठल्या. मुंबई इलाख्यांत आधीं वाटजकात उठली आणि तिच्या भरपाईसाठीं इ. स. १८३७ च्या सत्ताविसाव्या कायद्यानें मिठावर मणीं ८ आणे कर बसला. पुढें इ. स. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें शहरजकात, कसबवेरा, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरील सारे किरकोळ बाब एकदम रद्द झाले. त्यांची भरपाई पुन्हां मिठावर: ८ आण्यांचा दर १ रुपया झाला.

त्या ऑगस्टांत सुरतेस मोठा दंगा झाला व दुकानें बंद पडलीं. अखेर सरकारनें दर १२ आण्यांवर आणिला. येथें क्षणभर थांबून विचार करण्यासारखें आहे. मिठावरचा कर हा अप्रत्यक्ष कराचा केवळ नमुनाच. तो कोणी घरीं येऊन मागत नाहीं, जिनसेच्या किंमतींत मिसळून जातो. हिंदी माणूस स्वभावतःच अप्रत्यक्ष कराचा भोक्ता असता, तर सुरत उठली नसती. शिवाय या अदलाबदलींत आणखी एक गोष्ट घडली, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. शहरजकात शहरांत खपणाऱ्या मालावर होती. मीठ मात्र खेड्यांतला कुणबीही खातो. शहराच्या पेठेवरचें ओझें अशा रीतीनें अर्धेंमुर्धें काळीवर जाऊन पडलें.

४. सहा वर्षांनीं परत

इ. स. १८४२ चा दहावा कायदा बंगालपुरता होता. दोनतृतीयांश घरधन्यांनीं मागणी केली तर शहरसुधारणेसाठीं घरपट्टी बसवावी, अशी त्यांत सोय होती. तो एकाच गांवीं लागू झाला आणि तेथेंही लोकांनीं पट्टी नाकारून वसुलीस आलेल्या कलेक्टरावरच फिर्याद केली. म्हणून इ. स. १८५० चा सव्विसावा कायदा करतांना अप्रत्यक्ष कराचीही मुभा ठेवण्यांत आली. हा कायदा सर्व इंग्रजी मुलखासाठीं होता, पण त्याचा खरा उपयोग झाला तो मुख्यतः मुंबई इलाख्यांत. गुजराथेंत, दक्षिणेंत, कोंकणांत शहरामागून शहर त्याखालीं आलें, आणि बहुतेकांनीं जकात पसंत केली. १८४४ सालीं मोठ्या समारंभानें घालविलेली शहरजकात सहाच वर्षांत मागल्या दारानें परत आली. फरक एवढाच कीं, पूर्वीं ती सरकारच्या खजिन्यांत जाई, आतां ती गांवच्या रस्त्यांस, दिव्यांस व पाण्यास लागूं लागली. अहमदाबादेस तर याचा पाठ आधींच घालून दिलेला होता: पडक्या कोटाच्या दुरुस्तीसाठीं १८३० नंतरच्या दशकांत शहरांत येणाऱ्या मालावर कर बसविला, आणि कोट पुरा झाल्यावर तोच निधि शहरसुधारणेकडे वळविला.

आतां प्रश्न असा कीं, ही पसंती कोणाची? कायद्याप्रमाणें अर्ज करावयाचा तो गांवच्या रहिवाशांनीं. कमिटींत बसावयाचें तें कलेक्टरानें निवडलेल्या प्रतिष्ठितांनीं. हे प्रतिष्ठित म्हणजे बहुधा पेठेंतले वाडेवाले, सावकार व इनामदार. घरपट्टी बसती तर तिचा मोठा हिस्सा त्यांनाच भरावा लागता. जकात बसली कीं ती धान्याच्या, तुपाच्या, सरपणाच्या किंमतींत वांटली जाते. दहा खणांचा वाडा असलेला आणि एका खोलींत बिऱ्हाड करणारा यांच्या पोटांत जाणाऱ्या धान्यांत मात्र दहापटीचा फरक नसतो. व्यापाऱ्यांची कुरकुर असे ती परताव्याविषयीं, म्हणजे बाहेर परत गेलेल्या मालावरची जकात माघारी मिळण्याविषयीं. म्हणून हिंदुस्थान सरकारनें इ. स. १८६८ सालीं ठराव करून बजाविलें कीं, ही जकात शहरांत खपणाऱ्या मालावरच असावी, तिची वाटजकात होऊं नये.

नाक्यावर गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला या पसंतींत स्थान नव्हतें. तो शहरचा रहिवासी नव्हे, कमिटीचा सभासद नव्हे, मतदार तर नव्हेच. त्याची बाजू ज्यांनीं उघडपणें मांडली त्यांत जोतीराव फुले हे प्रमुख होत. ते इ. स. १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या जकातीची तक्रार शेतकऱ्याच्या बाजूनें नोंदविली आहे. कमिटींत बसलेल्याच गृहस्थाची ही साक्ष असल्यामुळें ती केवळ बाहेरची टीका म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. इ. स. १९२४-२५ च्या करचौकशी कमिटीनेंही जकातीस दोषच दिला. पण शहरांनीं ती सोडिली नाहीं.

५. सूट आणि भरपाई

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. मुंबई शहरांत घरावरची आकारणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. परंतु इ. स. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, आणि भाड्यावर आधारलेली घरपट्टीही त्यांबरोबर गोठली. शहर वाढत गेलें, खर्च वाढत गेला. वाढला तो भार जकातीनें उचलला, व ती मुंबई महानगरपालिकेचें सर्वांत मोठें उत्पन्न होऊन बसली. घरपट्टी कमी करण्याचा ठराव कोणीं केला नाहीं. ती जागच्या जागीं राहिली आणि जकात वाढली, इतक्यानेंच अदलाबदल पुरी झाली.

महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात इ. स. १९९९ सालीं उठली. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्यानें तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होईपर्यंत टिकली; तिच्याऐवजीं महानगरपालिकांस राज्याकडून भरपाई देण्याचा कायदा झाला. म्हणजे मालावरचा कर राहिलाच, पण त्याची किल्ली शहराच्या हातून गेली. आणि इ. स. २०२२ सालीं मुंबईंत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ताकर माफ झाला. पेशवाईंतील सूट वतनदारास होती, ही लहान घरास आहे. हा फरक लहान नव्हे. तथापि घरावरची पट्टी जितकी आकुंचित होते तितका मालावरचा भार महत्त्वाचा ठरतो, हा जुना नियम दोन्ही काळीं सारखाच.

६. कागदांविषयीं विनंति

वरील विवेचनावरून एवढें तरी सिद्ध होतें कीं, लोकांस जकातच आवडत असे हें विधान जसेंच्या तसें स्वीकारण्याजोगें नाहीं. काशीकरांनीं जकातीच्या भाराची तक्रार केली, सुरत अप्रत्यक्ष कराविरुद्धच उठली, आणि जकातीस संमति मिळाली ती बहुधा घरधन्यांची. परंतु हें झालें एका बाजूचें खंडन. प्रत्येक शहरांत भार प्रत्यक्षांत कोणावर किती पडला, हें सांगण्यास दोन प्रकारचे कागद शेजारीं ठेवून पाहावे लागतील. एक घरपट्टीचीं आकारणीपुस्तकें: त्यांत धन्याचें नांव, घराचे मजले, भाडें व ठरविलेली पट्टी असते. दुसरे जकातनाक्यांचे कागद: त्यांत जिन्नस, वजन, कोठून आला आणि किती हशील घेतलें हें असतें. पहिल्यावरून शहराची मालमत्ता कळते, दुसऱ्यावरून शहराचें पोट.

आपल्या संग्राहकांचा ओढा सनदा, महजर आणि पत्रें यांकडे असतो, व तो योग्यच आहे. पण पेशवाईच्या जकातीची एखादी फाटकी झडती हातीं लागली कीं ज्या आनंदानें आपण ती उलगडतों, त्याच आनंदानें शंभर वर्षांनंतरचा संशोधक म्युनिसिपल नाक्याची पावतीबुकें उलगडील. नाके उठून गेले आहेत. ज्या कागदाचें कामकाज संपलें, त्याचें आयुष्य कचेरींत फार नसतें. तो रद्दींत जाण्यास एक साफसफाई पुरते. तेव्हां ज्यांच्या गांवीं जुनी नगरपालिका आहे अशा सभासदांनीं तेथील दप्तरखान्यांत एकदां जाऊन यावें, काय शिल्लक आहे त्याची यादी करावी, आणि शक्य तेथें तीं बुकें मागून घेऊन मंडळाच्या संग्रहीं आणावीं. घरपट्टी कीं जकात, या वादांत आजवर वाडेवाल्याची साक्ष झाली आहे. नाक्यावर थांबलेल्या गाडीवानाची साक्ष त्या बुकांत आहे, आणि ती अजून व्हावयाची आहे.