भाग 27 : चवदार तळ्यावर सवर्ण काय करत होते?

मी बोलतोय युसूफ वडगावहून, तालुका केज, जिल्हा बीड. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.

महाडच्या सत्याग्रहावरच्या भागानंतर दोन प्रकारचे मेसेज आले. एक, "दादा, तुम्ही मराठा, तुम्हाला यात काय पडलंय?" आणि दुसरा, "बोलता छान, पण वेळ आली तर आमच्या बाजूने उभे राहणार का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गाव माझं आहे, मग गावात जे चालतं तेही माझंच आहे. दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, म्हणून आजचा भाग त्याच्यावर.

2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारलं, तेव्हा हजारो गोरी पोरं-पोरी रस्त्यावर उतरली. आपल्याकडच्या लोकांनीही इन्स्टावर काळे चौकोन टाकले. तेव्हापासून 'अ‍ॅलाय' हा शब्द आपल्या कानावर यायला लागला. अ‍ॅलाय म्हणजे ज्याच्यावर अन्याय होत नाही, उलट ज्याला त्या अन्यायाचा फायदाच मिळतो, पण जो तरीही अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. आपण त्याला साथी म्हणू. शब्द इन्स्टावरून आला असेल, पण विचार आपल्या मातीत जुना आहे. किती जुना? 1873 मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक छापलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटून दाखवलं होतं. माझे देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशा फुल्यांनी त्यात व्यक्त केली. थोडक्यात, ते इथल्या वरच्या जातींना सांगत होते की बाबांनो, तिकडच्या गोऱ्यांना जमलं ते तुम्हीही करून बघा.

मग इथल्या किती जणांनी करून बघितलं? चला महाडला.

खुर्चीवाला, आणि आणखी दोघे

4 ऑगस्ट 1923. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले नव्हे, एस. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले, यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं.

महाडच्या या गोष्टीत सुरेंद्रनाथ टिपणीस नावाचा माणूस आहे. लोक त्यांना सुरबानाना म्हणायचे. जातीने कायस्थ, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष. दुसरे अनंतराव चित्रे, तेही कायस्थ. तिसरे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, चित्पावन ब्राह्मण, मुंबईत सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम करणारे.

पण या तिघांच्या आधी चौथं नाव घ्यायला हवं : रामचंद्र बाबाजी मोरे. महाडजवळच्या दासगावचा तरुण महार कार्यकर्ता. महाडला परिषद घ्यायची आणि बाबासाहेबांना बोलवायचं, यासाठी सगळ्यात जास्त धावपळ त्याने केली. हे मुद्दाम सांगतोय, कारण साथीदारांची गोष्ट सांगताना आपण हळूच त्यांनाच हिरो करतो. महाडला लढा ज्यांचा होता तेच पुढे होते. टिपणीस आणि चित्रे सोबत होते.

19 आणि 20 मार्च 1927 ला परिषद झाली. कोकणातून, घाटावरून हजारो माणसं आली. त्यांना प्यायला गावात पाणी मिळेना, म्हणून 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं समोर भरलेलं आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता चित्रे उठले आणि म्हणाले की एक काम राहिलंय. नगरपालिकेने तळं खुलं केलंय ना, मग चला, जाऊन पाणी पिऊ. मिरवणूक निघाली. पुढे बाबासाहेब, वय 35. त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग मागच्यांनी घेतलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठली. जमावाने मंडपात जेवत असलेल्या माणसांवर काठ्या चालवल्या. काही जणांना गावातल्या मुसलमानांच्या घरात आसरा घ्यावा लागला. नंतर तळ्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. आणि 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

इथे थांबा. साथ द्यायची म्हणजे काय, हे या टप्प्यावर कळतं. मार्चमध्ये सोबत चालणं एक वेळ सोपं होतं. ऑगस्टपर्यंत टिपणीस आणि चित्रे स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच लोकांत बाटगे ठरले होते. ते मागे फिरले का? नाही. डिसेंबरमध्ये बाबासाहेब परत महाडला आले तेव्हा हे तिघेही त्यांच्यासोबत होते. त्या वेळी मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. 25 डिसेंबर 1927 ला त्याच जागेवर मनुस्मृती जाळली. जाळण्याचा ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी आणि अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. ज्या ग्रंथाने ब्राह्मणाला सगळ्यात वर बसवलं, तो जाळा असं एका ब्राह्मणाने सांगितलं.

साथ चालेल, पण अट घालून नाही

याच काळातला एक किस्सा शाळेच्या पुस्तकात नसतो. पुण्याचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर, ब्राह्मणेतर चळवळीतली मोठी नावं. त्यांनी कळवलं की आम्ही महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देतो, पण एक अट आहे : ब्राह्मणांना यात घेऊ नका.

बाबासाहेबांनी अट नाकारली. आमचं भांडण ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, आणि ते ब्राह्मण्य ब्राह्मणेतरांतही असू शकतं, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे साथीदार कोण हे त्याच्या जातीवरून ठरत नाही. आणि दुसरं, लढा कसा चालवायचा हेही साथीदार ठरवत नाही. ज्याचा लढा तोच ते ठरवतो. आपण जेधे-जवळकरांच्या बाजूची, म्हणजे शेतकरी-मराठा समाजाची माणसं. आपल्याला हे जास्त लक्षात ठेवायला हवं. 'आम्हीही वरच्यांचे बळी आहोत' एवढं म्हटलं की आपल्या गावातल्या खालच्या आळीचा हिशोब मिटत नाही.

चित्रे आणि टिपणीस पुढे 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून मुंबई विधिमंडळात निवडून गेले. म्हणजे महाडच्या एका दिवसाची हौस नव्हती ती. त्याच वर्षी 17 मार्चला मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. एका तळ्यासाठी दहा वर्षं गेली.

आता आपल्या मराठवाड्याकडे

कायदा झाला, कोर्टाचा निकाल आला, तरी गावोगावचे पाणवठे वेगळेच राहिले. म्हणून 1972 च्या दुष्काळात पुण्याच्या हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढून गावं पालथी घालावी लागली. महाडला 45 वर्षं झाली होती. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

आणि मग आला 1978. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. मराठवाड्यातल्या गोरगरिबांची पहिली पिढी तिथे शिकली. म्हणून 1958 ला सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, अशी मागणी होती. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांत आग लागली. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला आणि जळाल्या कुणाच्या झोपड्या? जे कधी विद्यापीठाच्या दारातही गेले नव्हते त्यांच्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारून टाकलं.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकतात ती तेव्हाची मोठी, भली माणसं. निजामाविरुद्ध तुरुंग भोगलेले गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव. दोघांनीही नामांतराला विरोध केला. घरं जाळा असं त्यांनी म्हटलं नव्हतं. मराठवाड्याची ओळख पुसली जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पण प्रश्न असा की ही ओळख नेमकी कुणाची? त्यात वेशीबाहेरचा माणूस कधी मोजला होता का? स्वतःवरच्या अन्यायाविरुद्ध लढलेला माणूस दुसऱ्याच्या लढ्यात आपोआप साथी होत नाही. मराठवाड्याने हा धडा फार महाग शिकला.

अमेरिकेतही हेच झालं होतं. एप्रिल 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून एक पत्र लिहिलं. उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षाही मला निराश करतो तो मवाळ गोरा, असा त्याचा रोख होता. मवाळ गोरा म्हणजे कोण? मागणी बरोबर आहे पण वेळ चुकली, असं म्हणणारा. न्यायापेक्षा शांतता ज्याला जास्त प्यारी. आपल्याकडे 1978 मध्ये आणि नंतरही हे वाक्य किती ओट्यांवर ऐकू आलं असेल!

पण याच काळात दुसऱ्या बाजूची माणसंही होती. समाजवादी नेते एस. एम. जोशी, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. नामांतराच्या बाजूने बोलले म्हणून औरंगाबादमध्ये त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला. त्यांनी भूमिका बदलली नाही. बाबा आढाव आणि समाजवादी चळवळीतले कितीतरी तरुण या आंदोलनात उतरले. तरीही पुढे राहिले ते दलित कार्यकर्तेच. नागपूरहून जोगेंद्र कवाडेंनी लाँग मार्च काढला, गावोगावच्या बायाबापड्यांनी तुरुंग पाहिले. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचं नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. ठराव ते नाव, साडेपंधरा वर्षं.

आपल्या हातात काय आहे?

आज बीड जिल्ह्यात माणूस भेटला की नाव नंतर, आडनाव आधी विचारतात. हे इतकं वाढलं की 2025 मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. आमच्या वडगावला पोलीस ठाणं आहे, त्यामुळे पाटी बदलणं म्हणजे काय हे आम्हाला चांगलं समजतं. पाटी बदलली हे बरंच झालं. पण पाटीमागचा माणूस आणि पाटीसमोरचा माणूस बदलायचं काम कोणताही अधीक्षक करू शकत नाही.

म्हणून मी टिपणीसांकडे परत परत जातो. त्यांनी भाषणापेक्षा एक साधी गोष्ट केली. नगरपालिकेची खुर्ची हातात होती, ती वापरली. आपल्या हातात काय आहे? ग्रामसभेत हात वर करता येतो. दलित वस्तीच्या स्मशानभूमीचा रस्ता कुणाच्या बांधावरून जातो यावर भांडण असेल, तर बांधवाल्याच्या भावकीतला माणूस म्हणून आपण त्याच्याशी बोलू शकतो. वस्तीतला माणूस हेच बोलला तर मार खाईल, आपण बोललो तर फार तर शिव्या खाऊ. हा जो फरक आहे ना, तोच आपला फायदा, आणि तोच खर्च करायचा असतो.

मी स्वतःचं सांगतो. भावकीच्या ग्रुपवर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दल एक घाण फॉरवर्ड आला. हा 1989 चा कायदा का आणावा लागला, हे मी तिथे चार ओळींत लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं. एक चुलतभाऊ अजून बोलत नाही, त्याच्या घरच्या कार्यक्रमाचं आमंत्रणही आलं नाही. एसेम जोशींच्या गळ्यातल्या हारापुढे हे काहीच नाही, माहीत आहे मला. पण ज्याला काहीच मोजावं लागत नाही ती साथ नसते, तो स्टेटस असतो. 14 एप्रिलला निळा स्टेटस ठेवणं वाईट नाही. 15 एप्रिलला ओट्यावर कुणी वस्तीबद्दल विनोद केला, तेव्हा तुम्ही हसलात की नाही, हे मात्र महत्त्वाचं.

आणि हो, हे केल्यावर कुणी आपले आभार मानावेत, अशी अपेक्षा ठेवायची नाही. आपल्याबद्दल वस्तीतल्या पोरांना शंका असली तर ती बरोबर आहे. त्यांनी साडेपंधरा वर्षं आपली वाट बघितली आहे.

पुढच्या भागात रामचंद्र मोरेंवर बोलू, एकट्या त्यांच्यावर. तोवर एक काम करा. तुमच्या गावात 'एक गाव एक पाणवठा' झाला होता का, 1978 च्या पावसाळ्यात काय झालं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि फक्त आपल्या आळीत नको, वस्तीतही जाऊन विचारा. दोन्हीकडची उत्तरं व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूच. जय भीम, जय शिवराय!