काष्ठशिल्पातील देवीप्रतिमा आणि त्यांचे जतन : भरमौरच्या लक्षणादेवी मंदिराच्या अनुषंगाने

भारतीय मूर्तिकलेचा इतिहास आपण प्रामुख्याने पाषाण आणि धातू यांच्या आधारे शिकवितो. लाकडाचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपतो. लाकडात मूर्ती घडविल्याच गेल्या नाहीत असे नव्हे, तर त्या टिकल्या नाहीत, हे त्यामागील खरे कारण आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त प्रतिमेसाठी वृक्ष कसा निवडावा यासंबंधी स्वतंत्र अध्याय लिहिला. स्मशानातील, वारुळावरील, विजेने वा वाऱ्याने पीडित, सुकलेला, मधमाश्यांचे पोळे असलेला वृक्ष त्याने वर्ज्य मानला आहे. वृक्ष उभा असतानाच दिशांच्या आणि वर-खालच्या खुणा कराव्यात व प्रतिमा त्याच स्थितीत स्थापावी, असेही तो सांगतो. व्यवहारात रूढ नसलेल्या कलेसाठी इतके तपशीलवार नियम कोणी करीत नाही. वारुळाचा निषेध धार्मिक असला तरी वाळवीच्या दृष्टीने तो किती उपयुक्त ठरला असेल, हेही लक्षात घ्यावे.

या परंपरेचा दुर्मीळ पुरावा हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात भरमौर येथे आहे. तेथील लक्षणादेवी मंदिर सर्वसाधारणपणे सातव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. गाभाऱ्यातील महिषासुरमर्दिनीची मूर्ती पितळेची असून तिच्या पीठावरील लेखात राजा मेरुवर्मन आणि कारागीर गुग्ग यांची नावे आढळतात. मंदिराचा दर्शनी भाग, स्तंभ व छत मात्र लाकडी आहेत. द्वारशाखांवर गंगा व यमुना कोरलेल्या आहेत. फोगेल यांनी १९११ मध्ये चंब्याचे पुरावशेष प्रसिद्ध केले, तर बडोदा संग्रहालयाची धुरा सांभाळलेल्या हर्मन ग्योट्झ यांनी १९५५ मध्ये या लाकडी मंदिरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ऊन, पाऊस व बर्फ सोसणारे दर्शनी कोरीवकाम बरेच झिजले आहे. छपराखालील आतील काम तुलनेने रेखीव राहिले आहे. काळ एकच, देवदारही तोच; फरक आश्रयाचा आहे. देवदारातील सुगंधी तेल किडीला रोखते, थंड हवा साहाय्य करते, परंतु शिल्पाचे खरे रक्षण वास्तूच करते.

महाराष्ट्रातील वाडे पाडले जात असताना नेमका हाच आश्रय नाहीसा होतो. चौकटीवरील गजलक्ष्मीची सागवानी पट्टी उतरविली जाते, घासली जाते, पॉलिश करून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही हानी वाळवीपेक्षा कमी नाही. घासण्याने जुन्या रंगाचे अवशेष जातात. जवसाच्या तेलाचे थर काळे पडतात आणि धूळ धरून ठेवतात.

लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार फुगते व आकसते, तेही मुख्यतः आडव्या अंगाने. म्हणून पट्टी चारही बाजूंनी घट्ट जखडल्यास ती तडकते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजविणारी बुरशी वाढू शकते. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, प्रखर दिवा आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत टाळावा. भिंत व शिल्प यांत हवा खेळण्याइतके अंतर ठेवावे. मऊ कोरडा कुंचला नित्याच्या स्वच्छतेस पुरेसा आहे. पाणी, लिंबू, साबण वापरू नयेत. छिद्रांखाली ताजी भुकटी दिसल्यास शिल्प इतर लाकडी वस्तूंपासून वेगळे करून तज्ज्ञ संरक्षकाकडे द्यावे. घरगुती कीटकनाशक फवारू नये.

इतिहासाच्या अध्यापकांचे काम मात्र याच्याही आधी सुरू होते. पट्टी उतरविण्यापूर्वी ती कोणत्या वाड्यात, कोणत्या दाराला, कोणत्या दिशेला होती याची छायाचित्रांसह नोंद करावी. मागील बाजूस सांध्याच्या खाचा आणि तासल्याच्या खुणा असतात. भिंतीवर सपाट बसावी म्हणून त्या बाजूवर रंधा मारला जातो, तेव्हा देवीचे मुख शाबूत राहते. पण ती कशी व कोठे बसविली होती हे सांगणारी खूण नष्ट होते.