जुन्या शब्दांचा हिशेब

परवा रात्री नऊच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. "भाऊजी, एक अर्ज लिहून द्याल का?"

आता अर्ज लिहून देणं हे निवृत्तीनंतरचं माझं कामच झालंय. मांजर्लीत नदीचं पाणी इमारतीत शिरलं की पंचनाम्याचा अर्ज, लाइट बिल जास्त आलं की तक्रारीचा अर्ज. लोक येतात, मी लिहितो, चहा होतो. पण हा अर्ज वेगळा होता.

वहिनींचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजकडून नोटीस आली होती, की तुमचा प्रवेश रद्द का करू नये याचा खुलासा करा. कारण काय, तर दहावीत असताना मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने एका वर्गमित्राला जातीवरून शिवी दिली होती. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट तेव्हापासून जपून ठेवला. तो वर्गमित्रही योगायोगाने आता त्याच कॉलेजात आहे. स्क्रीनशॉट फिरला, तक्रार झाली.

"तो पंधरा वर्षांचा होता हो तेव्हा," वहिनी म्हणाल्या. "आता त्याचं आयुष्य घालवायचं का एका शब्दासाठी?"

मी तो स्क्रीनशॉट वाचला. शब्द घाणेरडाच होता. तो मी इथे लिहिणार नाही. वहिनींना म्हटलं, उद्या देतो लिहून. आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. मला जुन्या गोष्टी वाचायची खोड आहे, त्यामुळे झोप आली नाही की डोकं शंभर वर्षं मागे जातं. कॉलेजांनी पोरांना शब्दांसाठी शिक्षा करणं ही काही आजची गोष्ट नाही. म्हटलं, बघू या, पूर्वी काय झालं.

पहिली आठवली ती १९०५ सालची गोष्ट. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजने १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. म्हणजे सरकारी साहेब नव्हे, आपलाच माणूस आणि मोठा विद्वान. टिळकांनी 'केसरी'तून कॉलेजवर कडक टीका केली. आता सावरकर तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि होळी म्हणजे नुसता शब्द नव्हे, हे मान्य. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. दंड झाला, वसतिगृह गेलं, तरी त्यांची परीक्षा गेली नाही. त्याच वर्षी ते बी. ए. झाले.

त्या काळात कॉलेजांवर दडपण कसलं होतं? बंगालमध्ये १९०५ च्या ऑक्टोबरात कार्लाइल परिपत्रक निघालं. विद्यार्थी राजकारणात दिसले तर शाळा-कॉलेजांचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद, असा त्याचा मथितार्थ. १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रकाने तोच फास देशभर आवळला. आणि मग नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीला साहेब आले, तेव्हा वर्गावर्गातून पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटलं. त्यातला एक मुलगा होता केशव बळीराम हेडगेवार. वय असेल अठरा-एकोणीस. बाकीच्यांनी माफी मागून वर्ग गाठले, त्याने मागितली नाही. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे तो यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेला.

१९१६ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नावाच्या प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी मारहाण केली, त्या प्रकरणात एकोणीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोसांना काढून टाकलं. साधारण वर्षभराने त्यांना स्कॉटिश चर्च कॉलेजने घेतलं. गंमत म्हणजे सुभाषबाबूंच्या मृत्यूनंतर त्याच ओटनसाहेबांनी त्यांच्यावर कविता लिहिली. मार खाल्लेल्या मास्तराचं मन निवळलं, पण कॉलेजच्या दप्तरातला शेरा काही निवळला नाही.

आणि १९३८. निजामाच्या राज्यात, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पुन्हा तेच दोन शब्द, 'वंदे मातरम्'. बंदी आली, पोरांनी ऐकलं नाही, शेकडो विद्यार्थी काढले गेले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली आपली मराठी पोरंही त्यात होती. त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठाने. याच चळवळीत नाव कापलं गेलेला एक सतरा वर्षांचा तेलुगू मुलगा त्या दारातून आत आला, पुढे फर्ग्युसनमध्ये शिकला, नागपुरातून वकील झाला आणि १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झालं, आपला अर्ज तयार. पोरांच्या तोंडून निघालेल्या शब्दांसाठी त्यांना बाहेर काढणाऱ्या संस्था इतिहासात नेहमी चुकीच्याच ठरल्यात. आज ते शब्द शाळाशाळांत म्हटले जातात.

पण पहाटे पुन्हा जाग आली, आणि वाटलं, अरे, आपण लबाडी करतोय. 'वंदे मातरम्' आणि वहिनींच्या मुलाने लिहिलेला शब्द, हे एका मापात कसे बसतील? तो शब्द शंभर वर्षांनीही कुठल्या शाळेत गाणं म्हणून म्हटला जाणार नाही.

मग आठवली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातली गोष्ट. बाबासाहेबांच्या चरित्रात ती आहे. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्याला हात लावणार म्हटल्यावर वर्गात गलका उडाला, पोरं धावली आणि त्यांनी आपापले डबे हलवले. नंतर तो फळ्यापाशी गेला. सांगा, त्या मुलांना कुठल्या मास्तरांनी १० रुपये दंड केल्याचं वाचलंय तुम्ही? कुणाचं नाव पटावरून कमी झाल्याचं? मी तरी नाही वाचलं.

हाच तो खरा इतिहास आहे, असं मला त्या पहाटे वाटलं. वरच्याला झोंबलेला शब्द म्हणजे लगेच शिस्तभंग, आणि शेजारच्या बाकावरच्याला झोंबलेला शब्द म्हणजे पोरांची चेष्टा. जवळजवळ शंभर वर्षं आपल्या संस्था याच तागडीने तोलत आल्या. वहिनींचा मुलगा 'एका शब्दासाठी' अडकला असं आपण म्हणतो, पण समोरच्या मुलाच्या घरात तो एकच शब्द नाही. तो आजोबांनी ऐकलेला, बापाने ऐकलेला आणि आता मोबाइलवर आलेला शब्द आहे.

ही तागडी सुधारायला आपल्याला फार उशीर लागला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला १९९९ मध्ये. दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढायचं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही, इतका कडक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केले आणि २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती करून जात, धर्म, वंश, भाषा, प्रदेश यांवरून केलेली छळवणूक आणि शिवीगाळ हेही रॅगिंगच, असं स्पष्ट लिहिलं. तरी २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिच्या घरच्यांची तक्रार जातीवरून झालेल्या छळाची होती. शब्दाने माणूस मरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिच्या आईचा चेहरा आठवावा.

म्हणजे मग शिक्षा करावीच? थांबा. लगेच दुसऱ्या टोकाला जायला नको.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यात काय झालं आठवतंय ना? ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी ९ मेला कॉलेजने तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली आणि ती येरवड्यात गेली. परीक्षा तोंडावर होती, नव्हे, सुरूच होती. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा आदेश दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या असं सांगितलं. न्यायालयाने कॉलेजला दोष दिला तो मुख्यतः एका गोष्टीसाठी. तुम्ही तिचं म्हणणंच ऐकून घेतलं नाही. तिची पोस्ट बरोबर होती का? मला ती पटलेली नाही. पण १९०५ मध्ये, गोऱ्या सरकारच्या धाकात असलेल्या कॉलेजने परीक्षा शाबूत ठेवली आणि १२० वर्षांनी, स्वतंत्र देशातल्या कॉलेजला तेवढंही सुचलं नाही, याला काय म्हणावं?

बाहेरही हा गोंधळ आहेच. २०१७ मध्ये हार्वर्डने किमान दहा जणांचे दिलेले प्रवेश काढून घेतले, फेसबुकच्या खासगी ग्रुपवरच्या किळसवाण्या विनोदांमुळे. २०१९ मध्ये आणखी एकाचा, सोळाव्या वर्षी लिहिलेल्या वंशद्वेषी शब्दांमुळे. उलट २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांच्या एका मुलीच्या बाजूने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. तिने शनिवारी, शाळेबाहेर, मोबाइलवरून शाळेलाच शिव्या घातल्या होत्या. न्यायालय म्हणालं, यात शाळेने पडू नये. पण त्याच निकालात हेही आहे, की एखाद्याचा छळ किंवा धमकी असेल तर शाळा गप्प बसायला बांधील नाही. शब्द कुणावर फेकला, हा फरक त्यांनाही करावाच लागला.

आपल्याकडचा २०१५ चा बाल न्याय कायदा बघा. अठरा वर्षांखालच्या मुलाने गुन्हा केला, तर अतिगंभीर अपवाद सोडता त्याचा डाग पुढच्या आयुष्यावर राहू नये, नोंदीही यथावकाश नष्ट कराव्यात, असं तो म्हणतो. नव्याने सुरुवात करण्याचं तत्त्व त्यात चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे पंधराव्या वर्षी सायकल चोरली तर कायदा विसरायला तयार, आणि पंधराव्या वर्षी शिवी लिहिली तर स्क्रीनशॉट मरेपर्यंत जिवंत! हे काही बरोबर नाही.

मला जे समजलं ते असं. शब्द कुणावर फेकला, हे आधी विचारावं. तेव्हा वय काय होतं, हे विचारावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज तो मुलगा तसाच वागतोय का, हे बघावं. आजही तसाच वागत असेल तर वय विसरा, नियम लावा. नसेल तर शिक्षा अशी असावी की तिच्यातून परत वर्गात येता येईल. आणि काहीही करण्याआधी दोघांचं ऐकावं. बाहेरच्या गर्दीचं नव्हे, त्या दोघांचं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिण्याचा मला हक्क नाही.

१९८१ साल. मी सतरा वर्षांचा. बदलापूरहून लोकलने कॉलेजला जायचो. उल्हासनगरला आमच्या वर्गातला एक सिंधी मुलगा त्याच डब्यात चढायचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत लाखभर सिंधी माणसं आणून वसवली, त्यातलं त्याचं घर. १९४९ मध्ये त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. हा जन्मला इथेच, माझ्यासारखाच ठाणे जिल्ह्यात. तरी एक दिवस, जागेवरून भांडण झालं तेव्हा, मी भर डब्यात त्याला म्हणालो, "ए निर्वासिता, ऊठ, ही तुझ्या बापाची गाडी नाही." डबा हसला. तो उठला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या डब्यात चढला नाही.

त्याचा स्क्रीनशॉट नाही. मला नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, कुणी काही विचारलं नाही. माझ्यात आणि वहिनींच्या मुलात फरक काय, तर माझ्या वेळी मोबाइल नव्हता, एवढाच.

सकाळी मुलालाच वर बोलावलं. त्याला म्हटलं, "अर्ज मी लिहिणार नाही. तू लिही. 'लहान होतो' हे शेवटच्या ओळीत लिही, पहिल्या नाही. पहिल्या ओळीत काय केलं ते लिही." तो बराच वेळ पेन धरून बसला. मग विचारलं, "काका, तो शब्द लिहू?" म्हटलं, "लिहायला लाज वाटतेय ना? मग तेच लिही."

कॉलेजच्या समितीने दोघांना बोलावलं. याने त्या मुलासमोर माफी मागितली. लेखी ताकीद मिळाली, प्रवेश राहिला. तो दुसरा मुलगा "ठीक आहे" एवढंच म्हणाला, आणि अजून याच्याशी बोलत नाही. बोललंच पाहिजे असं त्याच्यावर काही बंधन नाही.

वहिनी पेढे घेऊन आल्या. मी एक घेतला, पण खरं सांगू, तो गोड लागला नाही. लोकलने कल्याणला जाताना उल्हासनगर आलं की मी अजूनही दारातून चढणाऱ्या माझ्या वयाच्या माणसांकडे बघतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. ओळखता येणार नाही, माहीत आहे. तरी बघतो.