रजेने न उतरणारा थकवा

कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा वेळीच निचरा न झाल्यास येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या निरीक्षणावरून १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. कामचुकार नव्हे, तर कामात जीव ओतणारी माणसेच तिला अधिक बळी पडतात, असे त्यांना आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती पार आटून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी अलिप्तता वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना बळावणे.

साधा थकवा विश्रांतीने उतरतो. बर्नआउटमध्ये मात्र रजेवरून परतल्यावर थोड्याच दिवसांत मरगळ पुन्हा घेरते. कारण ती निर्माण करणारी परिस्थिती बदललेली नसते. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी अशी सहा कारणे सांगितली आहेत : कामाचा अतिरेक, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव, श्रमांची अपुरी कदर, सहकाऱ्यांशी तुटलेपण, अन्याय्य वागणूक आणि मूल्यांचा संघर्ष.

त्यामुळे पुरेशी झोप, नियमित चालणे, कामाव्यतिरिक्त एखादा छंद यांच्या जोडीला कामाची फेरमांडणी आवश्यक ठरते. हातातील कामांची यादी करून कोणते आधी, कोणते नंतर आणि कोणते दुसऱ्याकडे द्यायचे, हे वरिष्ठांशी बोलून ठरवावे. घरी आल्यावर कार्यालयाचे फोन व ई-मेल किती वेळ पाहायचे, याची मर्यादा आखावी. सहा कारणांपैकी बहुतेक कारणे व्यवस्थेशी निगडित असल्याने सुधारणेची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकून चालत नाही.

सतत थकवा जाणवत असल्यास रक्तक्षय वा थायरॉइडचा विकार नाही ना, याची तपासणी करून घ्यावी. उदासी घरातही पाठ सोडत नसेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा; जीव नकोसा वाटत असल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते.