काळ्या दगडातली सिलिका

कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिराचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्याच्या रासायनिक पृथक्करणात जवळजवळ निम्मी सिलिका भरते. शुद्ध सिलिकेचे आपल्या ओळखीचे खनिज म्हणजे गारगोटी. पण पोकळ्यांमध्ये मागाहून साचलेली गारगोटी सोडली, तर बेसॉल्टमध्ये तिचा कण सहसा दिसत नाही. मग ही सिलिका असते कुठे?

उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१४ मध्ये सिलिकेला आम्ल मानले आणि अशा खनिजांना तिचे क्षार. वर्गीकरण सोपे झाले. पण प्रत्येक खनिजात सिलिकेचे प्रमाण वेगळे का, हे कळेना. पुढच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी निरनिराळी सिलिसिक आम्ले कल्पिली. ही खनिजे मिठासारखी पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे द्रावणात पडताळा घेण्याची सोयही नव्हती.

कोंडी फुटली ती क्ष-किरणांमुळे. मँचेस्टरला लॉरेन्स ब्रॅग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये ऑलिव्हीनची आणि १९२८ मध्ये डायॉप्साइड या पायरॉक्सीनची रचना उलगडली. १९३३ मध्ये टेलर यांनी फेल्डस्पारची उलगडली. सर्वत्र मूळ घटक एकच निघाला: मध्ये सिलिकॉनचा अणू आणि भोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू, म्हणजेच एक चतुष्फलक. ऑलिव्हीनमध्ये हे चतुष्फलक सुटे असतात. पायरॉक्सीनमध्ये प्रत्येक चतुष्फलक दोन ऑक्सिजन शेजाऱ्यांशी वाटून घेतो आणि साखळी बनते. फेल्डस्पारमध्ये चारही ऑक्सिजन वाटले जाऊन जाळे होते. तेथे काही सिलिकॉनची जागा ॲल्युमिनियम घेते. वाटणी बदलली की प्रमाण बदलते. त्यासाठी वेगळ्या आम्लांची गरज उरली नाही. बेसॉल्टमध्ये मुख्यतः पायरॉक्सीन व फेल्डस्पार असतात. त्यातली बहुतेक सिलिका या साखळ्यांत आणि जाळ्यांत गुंतलेली असते.

याच खनिजांचा टिकाऊपणा गोल्डिच यांनी १९३८ मध्ये क्रमवार मांडला. ऑलिव्हीन लवकर झिजते, गारगोटी सर्वांत टिकते. बेसॉल्टमधली खनिजे या क्रमात लवकर झिजणाऱ्यांपैकी आहेत. म्हणूनच राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवर दीर्घकाळच्या पावसाने सिलिका व कॅल्शियम वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियम मागे उरले आणि जांभा व बॉक्साइट तयार झाले.

फळ्यावर आपण 'सिलिका ५० टक्के' असा तक्ता लिहितो, तेव्हा एवढे जरूर सांगावे: ही हिशेबाची रीत आहे. दगडात सिलिका वेगळी ठेवलेली नसते.